मानवी हक्कांच्या इंटर्नशिपसाठी परदेशी जावं का? केजच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आला आहे. विद्यार्थिनी केज तालुक्यातली, संभाजीनगरात पाच वर्षांच्या एलएलबीच्या चौथ्या वर्षाला. पुण्यातल्या एका एजन्सीने तिला जिनिव्हात चार आठवड्यांची ‘इंटरनॅशनल ह्यूमन राइट्स इंटर्नशिप’ देऊ केली आहे. फी १ लाख ८० हजार, तिकीट आणि जेवण वेगळं. वडील त्यासाठी दीड एकर गहाण टाकायला तयार आहेत. तिला विचारायचंय की जावं का, हेगचं कोर्ट बरं की जिनिव्हा, मराठी माध्यम आणि ६१ टक्के यावर निभाव लागेल का, पीकविम्याच्या रास्ता रोकोत नाव आलंय त्याने पासपोर्ट अडेल का, आणि परदेशात जाऊन ऊसतोडीवर बोललं तर गावात ‘देशाची बदनामी केली’ म्हणतील का. जाता जाता तिने हेही लिहिलंय की मामा मुकादम आहेत, म्हणजे ऊसतोडीला मजुरांच्या टोळ्या पुरवतात, ‘त्यामुळे या विषयावर बोलायची मला लाजच वाटते’.

मी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात अठरा वर्षं वकिली करतोय, बहुतेक कामगारांच्या बाजूने. त्याआधी २००७ साली तीन महिने जिनिव्हात एका छोट्या संस्थेत इंटर्न होतो. त्या शिदोरीवर लिहितोय.

आधी जमिनीचं. सातबाऱ्यावर बोजा चढवू नकोस. संयुक्त राष्ट्रसंघ इंटर्नशिपच्या अर्जासाठी, मुलाखतीसाठी, कशासाठीच एक रुपयाही घेत नाही. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर आपला आपण भरायचा असतो. एजन्सीला फोन करून एवढंच विचार: मला कोणती संस्था घेणार, तिथे माझं काम रोज कोण तपासणार, आणि त्या माणसाचं पत्र आज मिळेल का? उत्तर ‘नेटवर्किंग, एक्स्पोजर, सर्टिफिकेट’ असं आलं, तर समजून जा. चार आठवडे व्याख्यानं होतील आणि पॅले दे नासियाँ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या कार्यालयाची इमारत दाखवतील. ती इमारत पासपोर्ट दाखवून, तिकीट काढून कुणालाही पाहता येते. असल्या सहली बेकायदा नसतात. फक्त त्यांना इंटर्नशिप म्हणू नये, आणि त्यासाठी बापाची जमीन तर अजिबात गहाण पडू नये.

पण खरी इंटर्नशिप फुकट पडते असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची आणि मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. प्रवास, व्हिसा, विमा, राहणं, सगळं आपलं. जिनिव्हात साधी खोली महिन्याला आठशे ते हजार फ्रँकच्या खाली सहसा मिळत नाही, आणि फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे गेलाय. तीन महिन्यांचा माझा हिशेब साडेचार-पाच लाखांवर जातो, तोही डबा स्वतः करून. जगभरच्या गरिबांच्या हक्कांचं काम शिकायला त्यातल्या त्यात खात्यापित्या घरची पोरंच जाऊ शकतात. यावर तिथे इंटर्न लोकांनीच आवाज उठवला, तरी सचिवालयाचा नियम तोच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मात्र इंटर्नना विद्यावेतन देते, जागतिक आरोग्य संघटनाही देते. तुझा विषय कामगारांचा आहे, मग तुझी नजर आधी कामगार संघटनेकडे हवी. माझ्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं. थोरल्या भावाने शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि पुढची चार वर्षं फेडलं. त्याच्या बायकोने मला ते कधी विसरू दिलं नाही, आणि तिचंही चुकलं नाही.

स्कॉलरशिपबद्दल एक गैरसमज दरवर्षी ऐकतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे. इंटर्नशिपला तिचा उपयोग नाही. पुढे एलएलएमला जायचं असेल तेव्हा तिचा विचार कर.

आता वेळेचं, कारण यात पोरं हमखास आपटतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. तिकडे बऱ्याच संस्थांना दोन ते सहा महिने माणूस हवा असतो. चौथ्या वर्षात हे गणित बसत नाही. संयुक्त राष्ट्रांची अट अशी की उमेदवार पदवीच्या शेवटच्या वर्षात हवा, पदव्युत्तर शिकत असावा, किंवा पदवी होऊन एक वर्षाच्या आत असावा. तुझ्यासाठी योग्य वेळ म्हणजे पाचव्या वर्षी अर्ज आणि शेवटचा पेपर देऊन प्रयाण. निकाल आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, यांच्या मधला काळ एरवीही आपल्याकडे सिनियरच्या बॅगा उचलण्यात जातो.

हेग की जिनिव्हा? हेगला दोन वेगळी न्यायालयं आहेत आणि दोन्हींचा तुझ्या विषयाशी फार संबंध नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशाविरुद्ध भांडतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नरसंहार, युद्धगुन्हे असल्या गुन्ह्यांसाठी व्यक्तीवर खटला चालतो, आणि त्याच्या करारात भारत सामीलच नाही. ऊसतोडीची तक्रार दोन्हींकडे जात नाही. नावाला वजन आहे हे खरं, पण मोठ्या नावाच्या कागदापेक्षा तुझ्या विषयाच्या जवळचा कागद मुलाखतीत जास्त बोलतो.

जिनिव्हात तसं न्यायालय नाही. तिथे मानवी हक्क परिषद आहे, तिची वर्षात तीन नियमित अधिवेशनं होतात. करार पाळले जातात का हे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समित्या आहेत. विशेष प्रतिवेदक आहेत, म्हणजे एकेका विषयावर परिषदेने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, त्यातला एक आधुनिक गुलामगिरीवरच काम करतो. तुला उद्या कुणीतरी विचारेल, म्हणून सांगतो: भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९७९ साली स्वीकारला, पण व्यक्तिगत तक्रारीची मुभा देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. त्यामुळे तुझ्या मामीला एखाद्या समितीकडे थेट केस घेऊन जाता येत नाही. विशेष प्रतिवेदकाला मात्र पत्र लिहिता येतं. तो सरकारला विचारणा करतो, उत्तराला साठ दिवस देतो आणि मग ते पत्र जाहीर होतं. असं पत्र चार पानांत, तारखा-ठिकाणांसह, एकही विशेषण न वापरता लिहिता येणं हीच तिथली कारागिरी. इंटर्नला शिकायला मिळालं तर हेच मिळतं.

मला ते मिळायला सहा आठवडे लागले. तोवर मी झेरॉक्स काढल्या, पाहुण्यांचे बिल्ले बनवले आणि भाषणांचे गोषवारे लिहिले. फेब्रुवारी २००७ मध्ये वांशिक भेदभावविरोधी समितीसमोर भारताच्या अहवालाची सुनावणी होती. मी मागच्या रांगेत बसलो होतो. बाहेर तळ्यावरून ‘बीझ’ नावाचं वारं येत होतं, कान कापून नेणारं, आणि आत आपल्या सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून ती या करारात बसत नाही. समितीचं म्हणणं, करारातल्या ‘वंशपरंपरा’ या शब्दात जात येते, आणि तसं तिने २००२ सालीच लिहून ठेवलं होतं. एका शब्दाच्या अर्थावर दोन दिवस झुंज. मी नामांतराच्या आठवणीत वाढलेला पोरगा. मला वाटत होतं उठून काहीतरी बोलावं. पण इंटर्नला बोलायचा हक्क नसतो, आणि नव्हता तेच बरं.

कारण दुसऱ्याच दिवशी माझं काम पाहणाऱ्या बाईंनी, फिलिपिन्सच्या होत्या, मला वेठबिगारीवर दोन पानं लिहायला सांगितली. मी जोरात लिहिली. घटनेचं कलम २३, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा, किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीचं काम असं सांगणारा १९८२ चा एशियाडच्या मजुरांचा निकाल, डिसेंबर १९८३ चा बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यातला निकाल. बाईंनी पानं वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, हे आम्हाला लायब्ररीत सापडतं. तुझ्या जिल्ह्यात कसं चालतं ते सांग.

मी सांगायला लागलो. दसरा झाला की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. निघायच्या आधी मुकादम ‘उचल’ देतो, म्हणजे कामातून फेडायचे आगाऊ पैसे. एक दिवस काम बुडालं की ‘खाडा’ पडतो. त्या टिपून घेत होत्या. मग प्रश्न आले. उचल अंगठा घेऊन देतात की स्टॅम्प पेपरवर? हिशेबाची वही कुणाकडे राहते? टनाला किती पडतात? हंगाम संपून उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते, मग व्याज लागतं का? बाई बाळंत झाली तर तिचा खाडा धरतात का? मी अंबाजोगाईचा. लहानपणापासून ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दारावरून जाताना पाहिल्या, आणि यातल्या एकाही प्रश्नाचं पक्कं उत्तर मला देता आलं नाही. निकालांचे परिच्छेद पाठ होते, टनाचा भाव माहीत नव्हता. त्या रात्री कॉलिंग कार्ड विकत घेऊन केजच्या वर्गमित्राला फोन लावला. त्याने चुलत्याला उठवलं, चुलत्याने वही काढली. बारा फ्रँक संपले.

आता कळलं असेल तुझ्या पत्रातल्या कोणत्या ओळीवर मी थांबलो. मामा मुकादम आहेत. ज्या वहीसाठी संशोधक, पत्रकार, संघटनावाले वर्षानुवर्षं दारं वाजवतात, ती तुझ्या आजोळी फळीवर पडलेली आहे. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तो आकडा जगभर गेला. पण ऑपरेशनचे पैसे उचलीतून गेले की वेगळे घेतले, त्या हंगामात तिचे किती खाडे पडले, ते कुणाच्या नावावर चढले, हे अशा वहीच्या पानावर असतं. मुकादमही मधला माणूस आहे. कारखान्याकडून उचल घेऊन तोही अडकलेला असतो, टोळी पळाली की त्याची जमीन जाते. तुला हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. लाज कसली वाटून घेतेस?

मात्र सांभाळून. मामांना न सांगता वहीचे फोटो काढायचे नाहीत. काय हवंय, कशासाठी हवंय हे सांगायचं, नाही म्हणाले तर विषय सोडायचा. नावं, गावं, कारखाना झाकायचा. बाईच्या तब्येतीची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय लिहायची नाही, आणि परवानगी सासूसमोर मागायची नाही. व्हॉट्सॲप स्टेटसला यातलं काही टाकलंस तर पुढचं वाचूच नकोस.

याच सामानाने तुझा अर्ज उभा राहतो. तू पाठवलेला नमुना वाचला. सुरुवात आहे, ‘लहानपणापासून मला मानवी हक्कांची तीव्र आवड आहे आणि आपल्या प्रतिष्ठित संस्थेत…’. लहानपणी कुणालाही मानवी हक्कांची आवड नसते. हे काढून टाक आणि असं काहीतरी लिही: ‘मी बीड जिल्ह्यातली आहे. इथून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. माझ्या कुटुंबातले लोक मजूर पुरवण्याच्या व्यवहारात आहेत. गेल्या हंगामात मी अकरा जोडप्यांच्या उचलीचा हिशेब त्यांच्या संमतीने नोंदवला. त्यातल्या चार जणांची बाकी पुढच्या वर्षावर गेली. ही नोंद विशेष प्रतिवेदकांच्या पत्राच्या पद्धतीने मांडायला मला शिकायचं आहे.’ आकडे तुझे जे असतील ते घाल, माझे उचलू नकोस. निवडणाऱ्यासमोर शेकडो अर्ज असतात, आणि ‘तीव्र आवड’ सगळ्यांनाच असते.

६१ टक्के आणि मराठी माध्यम यांची मला फार चिंता वाटत नाही. इंग्रजी मात्र लिहिता आलं पाहिजे, बोलणं मागाहून सुधारतं. मी ज्युनियरना एकच व्यायाम देतो: रोज एक मराठी एफआयआर किंवा जबाब घ्यायचा आणि इंग्रजीत आणायचा. ‘सदर इसमाने फिर्यादीस लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ याचं इंग्रजी करताना पहिल्या आठवड्यात घाम फुटतो. तीन महिन्यांत हात बसतो. आणि ‘उचल’चं भाषांतर नुसतं ‘ॲडव्हान्स’ करू नकोस. ॲडव्हान्स म्हणजे पगारातला आगाऊ भाग, असं तिकडचा माणूस समजतो आणि पुढे सरकतो. मूळ शब्द ठेव, एका वाक्यात समजव, मग पुन्हा तोच शब्द वापर.

मला विचारशील तर आधी जिनिव्हाला जाऊच नकोस. काठमांडूला जा. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि सोनौलीची हद्द ओलांडली की बस, खर्च पुण्यात राहण्याइतका. पण मी स्वस्ताईसाठी सांगत नाही. पश्चिम नेपाळच्या तराईत थारू समाजातले कमैया पिढ्यानपिढ्या सावकाराच्या शेतावर राबायचे. अंगावरच्या कर्जाला तिथे ‘सौंकी’ म्हणत, आणि कमैया एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की सौंकी त्याच्यामागे जायची. जुलै २००० मध्ये सरकारने त्यांना मुक्त जाहीर केलं, २००२ मध्ये कायदा केला. मुक्त झालेल्यांना जमीन मिळायचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रखडला. उचल आणि सौंकी शेजारी ठेवून पाहणं हे काम तुला जिनिव्हातलं कुणी देणार नाही. तिथल्या कमैयांसोबत काम केलेल्या वकिलांना दोन पानांचं पत्र लिही, चार आठवड्यांसाठी. बार कौन्सिलच्या नियमातही बसतं.

दुसरी जागा जोहान्सबर्ग. तिथलं घटनात्मक न्यायालय परदेशी कायदा पदवीधरांना काही महिने क्लार्क म्हणून घेतं, पगार नाही. जुन्या तुरुंगाच्या आवारात ते बांधलंय, त्या तुरुंगात १९०८ साली गांधीजी होते. घराचा हक्क, पाण्याचा हक्क न्यायालयात कसा मोजायचा यावर तिथे झालंय तितकं काम कमी ठिकाणी झालंय. २००९ मध्ये जोहान्सबर्गच्याच सोवेटो वस्तीतले रहिवासी पाण्याची केस तिथे हरले, आणि तो निकाल वाचण्यासारखा आहे: माणशी रोज किती लिटर हे न्यायालयाने ठरवावं का, एवढ्यावर तो उभा आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं आणि टाक्यांवर १४४ कलम लावलं, तेव्हा आमच्याकडे हाच प्रश्न होता. आम्ही तो टँकरच्या खेपांच्या भाषेत विचारत होतो.

पासपोर्ट. रास्ता रोकोचा गुन्हा लपवू नकोस, फॉर्ममध्ये खोटं लिहिलंस तर त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याहून जड पडेल. नुसता एफआयआर असणं आणि कोर्टात दोषारोपपत्र जाऊन खटला चालू असणं यात फरक आहे. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) खाली पासपोर्ट नाकारायला खटला प्रलंबित असावा लागतो. केजच्या कोर्टात जाऊन आधी पाहा की तुझ्या नावाने दोषारोपपत्र आहे का. असेल तर त्याच कोर्टात परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज कर. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाने परवानगी दिली की पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहून घ्यायला वकिलाला सांग, नाहीतर एकाच वर्षाचा पासपोर्ट हातात पडतो आणि व्हिसाला तो पुरत नाही. आंदोलनाचे काही खटले सरकार मागे घेतं, त्या यादीत तुझा आहे का तेही सरकारी वकिलांना विचार. हे काम आजच सुरू कर, बाकी सगळ्याला वेळ आहे. आणि टुरिस्ट व्हिसावर इंटर्नशिप करायची नाही, एजन्सी काहीही म्हणो.

बदनामीचं. म्हणतील. मलाही म्हणाले, त्यात नात्यातलेच जास्त. भारत सरकार स्वतः आपला अहवाल घेऊन जिनिव्हाला जातं. सर्व देशांची जी आढावा फेरी असते त्यात २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ अशी चार वेळा भारताची पाळी आली, दर वेळी दिल्लीहून शिष्टमंडळ गेलं आणि देशोदेशीच्या शिफारशी ऐकून, काही मान्य करून आलं. संघटनांनाही तिथे लेखी म्हणणं द्यायची सोय आहे, एकट्या संघटनेला २,८१५ शब्द. सरकार बोलतं तिथेच तू बोलणार. फरक पडतो तो आकडे खरे असण्याने. एक आकडा फुगवलास तर बदनामी देशाची होणार नाही, त्या अकरा जोडप्यांची होईल, कारण पुढच्या खेपेला त्यांचं कुणी ऐकणार नाही.

एजन्सीला कळव की येत नाही. टोळ्या निघायला अजून वेळ आहे. मामा गावी आहेत तोवर त्यांच्याशी बोल. हो म्हणाले तर वहीतलं एक पान घे, नावं झाक, त्यावर इंग्रजीत दोन पानं लिही आणि मला पाठव. दिवाळीत खंडपीठ बंद असतं, तेव्हा लाल पेन घेऊन बसेन.